पाच ते त्रेसष्ट

पुढच्या गुरुवारी तू येशील, एल्झा,
म्हणून आधीच सांगून ठेवते.
पॅरिश हॉल डंगॅननच्या चढावर आहे,
हीटर आहे, पण नावालाच. स्वेटर घाल.
नखं कापून ये. खोटी पापणी काढून ठेव.
शिकवणारी डर्व्हला. भराभर बोलते,
पण चांगली आहे, चहाला बिस्किटं स्वतःच्या पैशाने आणते.
तिच्या शेजारी मी उभी असेन
तिचं इंग्रजी तेतुममध्ये ओतत.
थोडं सांडतंच.

आधी हात.
ती एक लोशन चोळायला लावेल, मग धुवायला,
मग दिवे बंद.
जांभळ्या उजेडात जे चमकतं ते राहून गेलेलं.
गेल्या खेपेला दोमिंगासच्या अंगठीखाली चमकलं.
साबण लावूनही अंगठी निघेना.
साधी असेल तर चालते, डर्व्हला म्हणाली.
साधीच आहे, मी म्हणाले.
दोमिंगासने काही विचारलंच नव्हतं.

मग निळी पट्टी, कापलं-बिपलं तर.
निळीच का? तर निळं असं अन्न नसतं,
पडली तर दिसते.
कारखान्यातल्या पट्टीत धातूची तारही असते,
म्हणजे तुझं बोट चुकून डब्यात गेलं
तर मशीन ओरडतं.

मग चौदा नावं, ज्यांनी कुणाचा गळा सुजू शकतो.
तीळ, अंडं, सेलरी, मोहरी…
ल्युपिनला तेतुममध्ये शब्द नाही.
मी म्हणाले, एक फूल आहे.
झेफेरिनो म्हणाला, इथे लोक फुलांनी मरतात?
शाळेच्या कँटीनमधली बर्नी एवढी हसली
की चहा नाकात गेला. तिला तेतुम येत नाही.
ती त्याचं तोंड बघून हसली.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.
सुई खुपसायची, कोंबडीच्या सर्वांत जाड भागात,
पंच्याहत्तर दिसेपर्यंत थांबायचं,
सुई पुसायची, आकडा लिहायचा,
खाली सही.
सही नसेल तर ती कोंबडी शिजलीच नाही.

मग भिंतीवर थर्मामीटरचं चित्र.
लाल पेनाने दोन रेघा: पाच, त्रेसष्ट.
मधे धोका, डर्व्हला म्हणते, मधे सगळं वाढतं.
मी सांगते, आणि सांगता सांगता मोजते.
बाउकाऊची दुपार, तेहतीस.
मासळीच्या टोपलीवरचं केळीचं पान, तीस.
आईची कूस, सदतीस.
आपण सगळ्या त्या लाल पट्ट्यातच वाढलो, एल्झा.
हे मी भाषांतरात घेतलं नाही.

शेवटी ती सांगते:
जुलाब झाले, उलटी झाली, तर घरी राहा.
थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास घरीच.
तेव्हा झेफेरिनो हात वर करतो.
दरवेळी कुणीतरी करतंच.
त्या दोन दिवसांचा पगार?
डर्व्हला पेनाचं टोपण लावते, काढते, लावते.
म्हणते, ते माझ्याकडे नसतं, एजन्सीला विचारा.
मला वाक्याचे पैसे मिळतात, गप्प बसण्याचे नाही,
पण त्या आधीची ती जी शांतता होती
ती सगळ्यांना कळली होती.
हॉलमधल्या अकराही जणांनी
कधी ना कधी पोट धरून शिफ्ट काढलेली.
मीही.

मग परीक्षा. वीस प्रश्न, खुणा करायच्या.
पास होशील. न होणारी मी अजून पाहिली नाही.
सर्टिफिकेटवर नाव नीट तपासून घे,
माझ्या फेलिस्मिनातला एक ‘ई’ अजून बेलफास्टमध्येच आहे.

आणि हो, भाताबद्दल एक.
शिजवून बाहेर ठेवलेला भात
रात्रीत विष होऊ शकतो, असं ती म्हणाली
तेव्हा आपली सगळी माणसं हसली. मीही जरा.
घरी आले तर शेगडीवर कालचं पातेलं,
झाकण तिरकं.
उघडलं. वास चांगला होता.
शीत बोटात धरून
बराच वेळ उभी राहिले.